गिझर का गुरगुरतो? आवाज ओळखा, नुकसान टाळा

कुरुंदवाडहून इचलकरंजी काही लांब नाही. कापडाच्या व्यापारामुळे गेली तीस वर्षे माझे तिथे जाणे-येणे आहे. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी तिथे पहिला यंत्रमाग आणला आणि पुढे सारे गावच मागांच्या खडखडाटावर जगू लागले. परंतु मागावर सूत चढण्याआधी त्याला खळ लावावी लागते, ते काम सायझिंगमध्ये होते. खळ शिजवायला आणि सूत वाळवायला वाफ लागते, आणि वाफेसाठी बॉयलर. तेव्हा कापडाचा व्यापारी बॉयलर चालवत नसला तरी त्याचा माल बॉयलरच्या तब्येतीवर अवलंबून असतो. बॉयलर बंद पडला की बीम अडकतो, बीम अडकला की सौदा अडकतो.

आज मात्र सायझिंगच्या नव्हे, घरातल्या बॉयलरविषयी लिहायचे आहे. आपल्याकडे घरे गरम करण्याचा बॉयलर नसतो. आपला घरगुती बॉयलर म्हणजे न्हाणीघरातला गिझर, आणि त्याच्या आधीचा तांब्याचा बंब. थंडीचे दिवस आले की हे गिझर बोलू लागतात. कोणी रटरटतो, कोणी शिट्टी घालतो, कोणी भिंतीत ठोके मारतो. आपण "जुना झालाय" म्हणून सोडून देतो. मीही तसेच सोडून दिले होते, आणि ते महागात पडता पडता राहिले.

घरचा अनुभव

काही वर्षांपूर्वी डिसेंबरात आमचा पंचवीस लिटरचा गिझर पहाटे आवाज करू लागला. घरच्या म्हणाल्या, "कोणी तरी डब्यात खडे घालून हलवतंय असं वाटतं." गिझरखालच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणीही ठिबकत होते. मिस्त्रीला बोलावले. त्याने आवाजाकडे लक्ष दिले नाही. "ठिबकणं बंद करतो," म्हणाला, आणि व्हॉल्व्हच्या तोंडाला बूच मारून पैसे घेऊन गेला. फरशी कोरडी झाली म्हणून आम्हीही खूश झालो.

चार-पाच दिवसांनी इचलकरंजीत एका सायझिंगवर बीम बघायला गेलो होतो. तिथले बॉयलर अटेंडंट वयस्कर, सगळे त्यांना अण्णा म्हणत. चहा घेताना मी सहज हा किस्सा सांगितला. अण्णांनी कप खाली ठेवला.

"शेठ, आधी घरला फोन लावा आन् बटण बंद करायला सांगा. च्या मागनं पिऊ."

मी हसलो. अण्णा हसले नाहीत. मी फोन लावला. सूनबाईंनी नातवाच्या आंघोळीसाठी गिझर नुकताच लावला होता. तो बंद करायला सांगितला.

दुसऱ्या दिवशी जाणकार कारागिराने गिझर उघडला. कॉइलवर बोटभर जाड पांढरे कवच होते. त्याहून वाईट म्हणजे थर्मोस्टॅटची कळ अधूनमधून चिकटत होती. म्हणजे पाणी तापले तरी वीज तुटेलच याची खात्री नव्हती. आणि दाब बाहेर जायची एकमेव वाट आम्ही पैसे देऊन बंद करून घेतली होती. उर्दूत म्हण आहे, नीम हकीम खतरा-ए-जान. अर्धवट वैद्य जिवाला धोका. आमच्या बाबतीत ती अक्षरशः खरी होणार होती.

ठिबकणे हा रोग नव्हे

व्हॉल्व्ह का ठिबकत होता, हे नंतर समजले. पाणी तापले की फुगते. पंधरा अंशांचे पाणी पासष्ट अंशांवर नेले तर ते सुमारे दोन टक्के वाढते. पंचवीस लिटरच्या गिझरमध्ये ही वाढ अर्ध्या लिटरची होते. टाकी गच्चीवर असेल आणि वाट मोकळी असेल तर हे जादा पाणी गुपचूप मागे टाकीकडे सरकते. आमच्याकडे प्रेशर पंप आहे आणि पाणी मागे जाऊ नये म्हणून नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवलेला आहे. मग जादा पाण्याने जायचे कुठे? ते सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब थेंब बाहेर पडत होते. व्हॉल्व्ह आपले कामच करत होता.

तापताना थोडे ठिबकले आणि गार झाल्यावर थांबले, तर काळजी नको. व्हॉल्व्हला छोटी नळी जोडून तिचे तोंड मोकळे ठेवून मोरीकडे न्यावे. सतत धार लागली असेल तर व्हॉल्व्ह खराब आहे किंवा पंपाचा दाब जास्त आहे; मग व्हॉल्व्ह बदलावा, दाब तपासावा. बूच मात्र कधीही मारू नये. पाण्याची वाफ झाली की ती मोकळ्या हवेत मूळ पाण्याच्या सोळाशे पटींहून अधिक जागा मागते. बंद भांड्यात ती जागा नसते, एवढे सांगितले तरी पुरे.

गिझरला तीन राखणदार असतात. पहिला थर्मोस्टॅट, जो ठरलेल्या तापमानाला वीज तोडतो. तो झोपला तर दुसरा, म्हणजे थर्मल कटआउट. तोही चुकला तर तिसरा सेफ्टी व्हॉल्व्ह. तिघांपैकी एकालाही घरी बसवू नये.

कोणता आवाज, कोणते दुखणे

हकीम नब्ज बघून मर्ज ओळखतो, तसा गिझर आवाजावरून ओळखता येतो. अण्णांकडून, कारागिरांकडून आणि स्वतःच्या तजुर्ब्यातून जे समजले ते इथे मांडतो.

लाह्या फुटल्यासारखा रटरट आवाज : हा कॉइलवरच्या क्षारांचा आवाज. जड पाणी तापले की त्यात विरघळलेला चुना वेगळा होतो आणि कॉइलवर बसतो. त्या थराखाली थोडे पाणी अडकते, जास्त तापते, त्याचे वाफेचे बुडबुडे होतात आणि वरच्या गार पाण्यात येताच फुटून मिटतात. तोच हा आवाज. इलाज सफाई.

वाळू घोळल्यासारखी खरखर : टाकीत तळाला गाळ आहे. कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या आपल्या शिरोळ तालुक्याला हे समजावून सांगायला नको. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर जमिनीखालच्या टाक्यांत चिखल शिरला, तोच पुढे पंपाने वर चढला. पूर ओसरल्यावर आपण घर धुतो, भांडी धुतो, गिझर धुवायचे विसरतो. पुराचे पाणी गिझरला किंवा त्याच्या वायरिंगला लागले असेल, तर वायरमनने अर्थिंगसह सर्व तपासल्याशिवाय बटण दाबू नये.

बारीक सूं सूं : तापायला सुरुवात झाल्यावर काही वेळ येणारा बारीक आवाज नेहमीचाच आहे. पण पाणी वाहताना शिट्टी वाजत असेल तर एखादा व्हॉल्व्ह अर्धवट उघडा आहे किंवा वाट क्षारांनी अरुंद झाली आहे.

नळ बंद करताच भिंतीत धाडकन ठोका : हा गिझरचा दोष नव्हे. वाहते पाणी एकदम अडले की धक्का देते. प्रेशर पंपाच्या घरात हे जास्त होते. पाइप क्लॅम्पने घट्ट बांधावेत, पंपाचा दाब कमी करावा, नळ हळू बंद करावा.

टिक् टिक् : धातू तापताना फुगतो, गार होताना आकसतो. थर्मोस्टॅटही लागताना-तुटताना टिक करतो. यात काळजीचे काही नाही.

विजेची चर्रचर्र, सोबत जळका वास : वायरीचा जोड सैल आहे. तत्काळ एमसीबी खाली पाडावी. ओल्या हाताने गिझरजवळ जाऊ नये.

सगळी टाकी गुरगुरते आणि नळातून वाफेसह पाणी फेकले जाते : थर्मोस्टॅट अडकला आहे, पाणी उकळते आहे. बोर्डावरून वीज तोडावी, न्हाणीघरातून बाहेर पडावे, गिझर काही तास आपोआप गार होऊ द्यावा. त्या वेळी काहीही खोलू नये.

गॅस गिझर पेटताना "भप्प" : गॅस आधी साचला आणि मग पेटला. बर्नरची सफाई आणि तपासणी होईपर्यंत तो वापरू नये. ज्योत निळीऐवजी पिवळी असेल तर ज्वलन नीट होत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या विषाला ना वास, ना रंग, ना आवाज. म्हणून गॅस गिझर बंद न्हाणीघरात बसवूच नये. तो बाहेर मोकळ्या हवेत असावा.

बंबाचा हिशेब वेगळा

अजूनही अनेक घरांत तांब्याचा बंब आहे. खाली शेणी नाहीतर चिपाडे पेटवायची, वरून गार पाणी ओतायचे, तोटीतून गरम घ्यायचे. बंब वरून उघडा असल्यामुळे त्यात दाब साठत नाही, म्हणून तो गुरगुरला तरी भीती नाही. त्याला धोका एकच, पाणी संपणे. कोरड्या बंबाखाली आग राहिली तर सांधे सुटतात. अशा वेळी घाईने गार पाणी ओतू नये, आधी आग ओढावी. सायझिंगच्या बॉयलरलाही हाच नियम आहे. काचेत पाणी दिसेनासे झाले तर अटेंडंट आधी आग काढतो, तापलेल्या पत्र्यावर पाणी सोडत नाही. अण्णांचे एक वाक्य मला पाठ झाले आहे : "आवाज आला की आधी पाणी बघायचं, मग आग."

व्यापाऱ्याच्या नजरेने

आता पैशाचे बोलू. समजा, बोअरच्या पाण्यात लिटरमागे चारशे मिलिग्रॅम क्षार आहेत. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची इष्ट मर्यादा दोनशे आहे, आणि दुसरी सोय नसेल तर सहाशेपर्यंत चालते. म्हणजे चारशे हा काही अतिरेकी आकडा नव्हे. घरात रोज शंभर लिटर गरम पाणी लागले तर वर्षाला साडेचौदा किलो क्षार गिझरमधून जातात. त्यातला दहावा भाग जरी आत बसला तरी दीड किलोच्या आसपास दगड जमा होतो.

लोक म्हणतात, यामुळे विजेचे बिल दुप्पट होते. ते खरे नाही. पंचवीस लिटर पाणी पस्तीस अंशांनी तापवायला साधारण एक युनिट लागते, आणि कॉइल पाण्यातच असल्याने तिची उष्णता शेवटी पाण्यातच जाते. खरे नुकसान कॉइलचे होते. थराखाली ती स्वतः अति तापते आणि जळते. शिवाय टाकीची जागा कमी होते, गरम पाणी लवकर संपते. सायझिंगच्या बॉयलरची गोष्ट निराळी. तिथे एका बाजूला आग आणि दुसऱ्या बाजूला पाणी असते. मध्ये क्षारांचा थर आला की उष्णता चिमणीतून निघून जाते, जळण वाया जाते आणि नळ्या फुगतात. म्हणून तिथे सॉफ्टनरमधून काढलेले पाणी वापरतात आणि तळाचा गाळ नियमित बाहेर सोडतात.

मोठ्या बॉयलरवर सरकारची नजर आहे. १८६३ साली कलकत्त्यात बॉयलर फुटून माणसे दगावली, तेव्हापासून आपल्या देशात याबाबत कायदे होऊ लागले. १९२३ चा कायदा शंभर वर्षे चालला. २०२५ मध्ये त्याची जागा नव्या बॉयलर कायद्याने घेतली. महाराष्ट्रात बाष्पके संचालनालय ही तपासणी पाहते. पण पाणी शंभर अंशांच्या आत तापवणारी भांडी या कायद्याच्या बाहेर आहेत. म्हणजे आपल्या गिझरची तपासणी करायला कोणी निरीक्षक येणार नाही. ती जिम्मेदारी घरमालकाची.

काय करावे

वर्षातून एकदा, थंडीच्या आधी, गिझर उघडून साफ करून घ्यावा. बोअरचे पाणी असेल तर दोनदा. वीज तोडून, पाणी गार झाल्यावर टाकी रिकामी करावी. कॉइलवरचा थर सायट्रिक अ‍ॅसिडच्या, म्हणजे लिंबूसत्वाच्या, कोमट पाण्यात भिजवून काढावा. लोखंडी पातीने खरवडू नये आणि संडास साफ करण्याचे अ‍ॅसिड वापरू नये, ते कॉइलच खाते. आत मॅग्नेशियमची कांडी असते. ती स्वतः झिजून टाकीला गंजापासून वाचवते. संपली असेल तर नवी घालावी. गॅस्केट नवे बसवावे. गरम पाण्याच्या नळातून भरपूर पाणी आल्यानंतरच बटण दाबावे. तापमान पंचावन्न ते साठ अंशांवर ठेवावे. त्यापुढे क्षार झपाट्याने बसतात.

मशिदीत वजूसाठी, वसतिगृहात, मंगल कार्यालयात मोठे गिझर असतात. तिथे "सगळ्यांचे ते कोणाचेच नाही" असे होते. अशा ठिकाणी एका माणसाच्या नावावर हे काम द्यावे आणि सफाईची तारीख गिझरवरच लिहून ठेवावी.

आमच्या घरी आता नवा थर्मोस्टॅट आहे, बूच निघाले आहे आणि व्हॉल्व्हची नळी मोरीत सोडली आहे. पहाटे पाणी तापताना ती थोडी ठिबकते. घरच्यांना त्याचा त्रास होत नाही. उलट ती ठिबकली नाही तर त्या मला विचारतात, आज का नाही ठिबकली? हा प्रश्न विचारायची सवय घराघरांत लागली, तर या लेखाचे काम झाले.