गोमाशी, माज आणि एक हरवलेला ‘ओ’

आजचा एपिसोड एका स्पेलिंगबद्दल आहे. थांबा, लगेच पुढे ढकलू नका. या स्पेलिंगपायी एका शेतकरी काकांचे २१ दिवस वाया गेलेत, आणि चूक माझी होती.

मी तेव्हा गाईंच्या नोंदी ठेवणाऱ्या एका ॲपवर काम करायचो. गाय साधारण दर २१ दिवसांनी माजावर येते. मागच्या माजाची तारीख मिळाली की ॲप पुढची काढायचं आणि मालकाला मेसेज टाकायचं, ‘आज लक्ष ठेवा.’ हा मेसेज महत्त्वाचा, कारण माज टिकतो जेमतेम १२ ते १८ तास. सकाळी दिसला तर संध्याकाळी गाय भरवायची, हा सगळ्या गोठ्यांतला हिशोब. रात्रीत येऊन गेला आणि कोणी पाहिलं नाही, तर पुढचे तीन आठवडे नुसता चारा घाला.

काकांना मेसेज गेलाच नाही. शोधलं तर काय, मी कोडमध्ये शब्द टाकला होता अमेरिकन: ई-एस-टी-आर-यू-एस, एस्ट्रस. आपल्याकडचे जनावरांचे डॉक्टर शिकलेले ब्रिटिश पद्धतीने. त्यांनी लिहिलं होतं ओ-ई-एस-टी-आर-यू-एस, ईस्ट्रस. कॉम्प्युटरच्या लेखी हे दोन वेगळे शब्द. नोंद होती, पण माझ्या क्वेरीला ती दिसलीच नाही.

मग मी त्या ‘ओ’च्या मागे लागलो.

मूळ शब्द ग्रीक, ऑइस्ट्रॉस. अर्थ काय? गोमाशी! गुरांना कडकडून चावणारी. ती मागे लागली की गाय शेपटी वर करून उधळते, कोणाला आवरत नाही. त्यावरून ग्रीकांनी हाच शब्द वेडाच्या झटक्यासाठी, अनावर ओढीसाठीही वापरला. त्यांच्या पुराणात आयो नावाच्या मुलीची गाय होते आणि हेरा देवी मत्सरापोटी तिच्यामागे गोमाशी सोडते. बिचारी देशोदेशी पळत राहते. पुढे रोमन कवी व्हर्जिलनेही गुरांवरच्या आपल्या काव्यात सांगून ठेवलंय की आपण जिला असिलस म्हणतो तिला ग्रीक लोक ईस्ट्रस म्हणतात. आणि १७५८मध्ये लिनियसने मेंढ्यांच्या नाकात अळ्या सोडणाऱ्या माशीच्या वंशाला हेच नाव दिलं. म्हणजे आजही शास्त्रात ईस्ट्रस नावाची माशी आहे आणि ईस्ट्रस नावाचा माजही आहे.

माजाला हे नाव पक्कं चिकटवलं केंब्रिजच्या वॉल्टर हीप यांनी, १९००मध्ये. हे गृहस्थ साधे नव्हेत. एका सशिणीचा गर्भ काढून दुसरीत रुजवण्याचा पहिला यशस्वी प्रयोग त्यांचाच, १८९०चा. त्यांच्या काळात प्रत्येक जनावराच्या माजाला वेगळा गावठी इंग्रजी शब्द होता. हरणांचा ‘रट’ तर डरकाळीच्या लॅटिन शब्दावरून आलेला, म्हणजे नराचा आवाज मादीच्या अवस्थेला! हीप यांनी एकच शब्द घेतला आणि त्याला ग्रीक उपसर्ग जोडले. ‘प्रो’ लावला की माजाच्या आधीची अवस्था, ‘मेट’ लावला की नंतरची, ‘ॲन’ लावला की माज नसलेला काळ. आम्ही लायब्ररीतली फंक्शन्स बनवतो तसंच.

आता स्पेलिंग. ग्रीक ‘ओआय’चं लॅटिनमध्ये ‘ओई’ झालं. ब्रिटिशांनी ते तसंच ठेवलं, अमेरिकनांनी ‘ओ’ छाटला. अमेरिकनांना नावं ठेवण्याआधी एक बघा: ‘इकॉनॉमी’ हा शब्दही ग्रीक ‘ऑइकोस’, म्हणजे घर, यावरून आलाय. तिथला ‘ओ’ ब्रिटिशांनीही कधीच टाकून दिला. उलट ‘फीटस’मध्ये ब्रिटिश जो ‘ओ’ लावतात तो मुळात लॅटिनमध्ये नव्हताच, मागाहून चुकून घुसलाय. म्हणजे ‘ओ’ दिसला की जुना आणि खरा, असं धरून चालत नाही. ईस्ट्रसमधला मात्र अस्सल.

अजून एक खड्डा आहे. शब्द नाम असेल तर शेवटी यू-एस, विशेषण असेल तर ओ-यू-एस. ‘माज’ म्हणायचं तर पहिलं, ‘माजाचं चक्र’ म्हणायचं तर दुसरं. उच्चार दोन्हींचा एकच, त्यामुळे ऐकून कळत नाही आणि चांगले शिकलेलेही चुकतात. माझ्या डेटाबेसमध्ये अशी चारही रूपं निघाली.

इस्ट्रोजेन हा शब्दही यातलाच. माज आणणारं ते इस्ट्रोजेन. ॲलन आणि डॉइझी यांनी १९२३मध्ये अंडाशयातल्या या हार्मोनचा माग काढला, तो उंदरांवर माज आणून. माणसात असा माज नसतो, पण बाईच्या रक्ततपासणीच्या कागदावर ती माशी अजून बसलेली आहे.

आपला ‘माज’ माशीवरून नाही आला. तो ‘मद’च्या घरातला, माजणे म्हणजे धुंद होणे. ग्रीकांना डंख दिसला, आपल्याला नशा दिसली. अर्थात माणसाला माज आला म्हटलं की तो वेगळा विषय.

दुरुस्ती मी अशी केली की चारही स्पेलिंगना आत एकच कोड दिला आणि स्क्रीनवर सरळ ‘माज’ लिहिलं. काकांना दाखवलं. ते म्हणाले, “ते झालं रे, पण म्हशीचा मुका माज कुठे टाकायचा?” म्हैस कित्येकदा ना हंबरते, ना उधळते, आतल्या आत माजावर येऊन जाते. त्यासाठी माझ्याकडे रकानाच नव्हता. तो पुढच्या अपडेटमध्ये आला.