पट्टीवरची पुसट रेघ

घरी गरोदरपणाची चाचणी केली आणि दुसरी रेघ पुसट उमटली, तर काय समजावे, असे भगिनी आम्हांला विचारतात. किटवर लिहिलेल्या वेळेत रंगीत रेघ दिसली, तर ती फिकट असली तरी बहुधा दिवस गेलेले असतात. वेळ टळल्यावर उमटलेली करडी रेघ मात्र धरू नये. ती लघवी सुकल्याची खूण असते. ‘सी’पुढे रेघच नसेल तर ती पट्टी वाया गेली. दोन-तीन दिवसांनी सकाळच्या पहिल्या लघवीने नव्या पट्टीवर पुन्हा पाहावे; गर्भ वाढत असल्यास लघवीतले एचसीजी वाढून रेघ ठळक होते. खात्री होईपर्यंत शेतातली औषधफवारणी करू नये, आपल्या मनाने गोळ्या घेऊ नयेत, असे आम्ही सांगतो. ओटीपोटात जोराची कळ आली किंवा रक्त गेले, तर दुसऱ्या पट्टीची वाट न पाहता दवाखाना गाठावा.