कोपरे किती कापायचे?

समजा, शेळ्यांना पाणी पाजायला टाकं हवंय, म्हणून धुळ्यात पत्र्याचं काम करणाऱ्याकडे 60 सेंटिमीटरचा चौरस पत्रा नेला. चारही कोपऱ्यांतून सारखे चौरस कापायचे, कडा वर मुडपायच्या, उभे सांधे झाळायचे. कोपरा केवढा कापला तर टाक्यात सर्वात जास्त पाणी मावेल?

कोपरा 5 सेंमीचा कापला तर तळ 50 बाय 50, उंची 5, साडेबारा लिटर. 15 सेंमीचा कापला तर तळ आक्रसून 30 बाय 30, साडेतेरा लिटर. म्हणजे उत्तर मधे कुठेतरी आहे. पण कुठे?

काप किंचित वाढवून बघा. भिंत केसभर उंच झाली की अख्ख्या तळावर पाण्याचा तेवढा पातळ थर वाढतो; ही कमाई. त्याच वेळी चारही भिंती केसभर आत सरकतात आणि प्रत्येक भिंतीलगतचा पाण्याचा पापुद्रा जातो, हा तोटा. तळाचं क्षेत्रफळ चार भिंतींच्या एकूण क्षेत्रफळापेक्षा मोठं आहे, तोवर कापत जाण्यात फायदा. दोन्ही सारखे झाले की थांबायचं. तळाची बाजू उंचीच्या चौपट असते तेव्हा हे जमतं: 10 सेंमीचा कोपरा, 40 बाय 40 चा तळ, 16 लिटर.

बारावीच्या वहीत हेच असं येतं: घनफळ = क्ष(60−2क्ष)². अवकलन केलं की (60−2क्ष)(60−6क्ष), आणि ते शून्य मानायचं. क्ष = 30 हेही उत्तर निघतं, पण त्यात तळच उरत नाही. वहीत ते खोडायला मुलं हमखास विसरतात.

शून्यच का, हे आकड्यांत पाहावं. काप 5 वरून 5.1 केला तर जवळजवळ 150 घन सेंमी पाणी वाढतं. 10 वरून 10.1 केला तर जेमतेम सव्वा घन सेंमी घटतं. कमाल जागी बदलाचा वेगच संपलेला असतो.

ही जाण खानदेशाला परकी नाही. भास्कराचार्यांनी 1150 च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त ग्रहाची ‘तात्कालिक गती’ मांडली आणि ग्रहाच्या मध्यम व स्पष्ट स्थानांतला फरक कमाल असतो तिथे त्या फरकाची गती शून्य असते, हे ओळखलं. कुठल्याही सूत्राला लागू पडेल अशी सर्वसाधारण रीत त्यांच्यापाशी नव्हती. ती युरोपात सतराव्या शतकात घडली. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेवाने मठ स्थापल्याचा 1207 चा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणला आहे.

आता पत्रेवाल्याचा रास्त सवाल: कापलेले कोपरे वाया का घालवायचे? तोही पत्रा धरून, तुकडे हवे तसे जोडून टाकं केलं, तर तळ साधारण 34.6 सेंमी, उंची त्याच्या निम्मी आणि पाणी जवळपास 20.8 लिटर. फक्त झाळकाम 40 सेंमीवरून 2 मीटरच्या वर जातं, आणि पत्र्याचं टाकं गळतं ते सांध्यातूनच.