दार आतून बंद होतं...

बंगळुरूच्या केंपेगौडा बसस्थानकावर दिवसरात्र माणसांचा पूर लोटलेला असतो. 2003 ते 2009 या काळात या स्थानकाच्या स्वच्छतागृहात एक-दोन नव्हे, पाच तरुणींचे मृतदेह सापडले. दार आतून बंद. अंगावर ठेवणीतली साडी, पण गळ्यात, हातात दागिना नाही. जखम नाही की झटापटीची खूण नाही. पोलिसांनी नोंद केली, अकस्मात मृत्यू. म्हैसूरच्या बसस्थानकावर तर असे आठ मृतदेह सापडले. तिथेही तीच नोंद आणि फाइल कपाटात!

या सगळ्या मृत्यूंमागे एकच माणूस होता. मोहन कुमार. मंगळुरू भागातल्या एका प्राथमिक शाळेतला माजी शिक्षक. त्याची पद्धत ऐकली की अंगावर काटा येतो. हुंड्याअभावी लग्न रखडलेल्या गरीब घरच्या मुली तो हेरायचा. हुंडा नको, लग्न करतो, असं सांगून त्यांना दूरच्या शहरात न्यायचा. लॉजवर रात्र काढायची, सकाळी दागिने खोलीतच ठेवायला सांगायचे आणि बसस्थानकावर आणून हातात एक गोळी द्यायची. ‘गर्भ राहू नये म्हणून घे. मळमळेल, म्हणून आत जाऊन घे.’ मुलगी विश्वासाने आत जायची, लाजेकाजेस्तव कडी लावायची. तो लॉजवर परतून दागिने उचलायचा आणि गावी निघून जायचा. गोळी सायनाइडची असायची.

म्हणजे मारेकऱ्याला खुनाच्या जागी हजर राहण्याचीही गरज नव्हती. दाराची कडी खुद्द बळी पडणारीच लावायची. आत्महत्येचा याहून चांगला देखावा कोणता?

निळा रंग बोलतो

सायनाइडबद्दल आपल्याकडे दंतकथाच फार. प्रत्यक्षात ते काय करतं? पोटातल्या आम्लाशी त्याचा संयोग झाला की हायड्रोजन सायनाइड हा विषारी वायू तयार होतो. तो रक्तात मिसळला की शरीरातल्या पेशींना प्राणवायू वापरताच येत नाही. रक्तात प्राणवायू भरपूर, पण पेशी मात्र उपाशी! त्यामुळेच अशा मृताचं रक्त नेहमीपेक्षा लालभडक दिसतं. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरला पहिला संशय इथेच येऊ शकतो. दुसरी खूण कडू बदामासारख्या वासाची. पण गंमत अशी, की हा वास ओळखण्याची क्षमता सगळ्यांच्या नाकाला नसते. काही माणसांना तो जन्मतःच येत नाही. म्हणून डॉक्टरच्या नाकावर खटला उभा राहत नाही. जठर आणि त्यातलं अन्न, यकृताचा व मूत्रपिंडाचा तुकडा, रक्त असा सगळा ऐवज बाटल्यांत घालून, मोहोर लावून प्रयोगशाळेकडे जातो. वर्तमानपत्रात आपण ‘व्हिसेरा राखून ठेवला’ असं वाचतो, तो हाच.

प्रयोगशाळेत या नमुन्यात आम्ल घालून विषारी वायू मोकळा करतात आणि अल्कलीच्या द्रावणात पकडतात. त्यात लोहाचा क्षार घालून गरम केलं आणि पुन्हा आम्ल टाकलं, की सायनाइड असेल तर गर्द निळा रंग उमटतो. हाच तो चित्रकारांचा ‘प्रशियन ब्लू’. सायनाइड या शब्दाचं मूळही ‘निळा’ या अर्थाच्या ग्रीक शब्दातच आहे.

मात्र या परीक्षेला वेळेचं बंधन असतं. बाटलीचं झाकण सैल राहिलं, नमुना महिनोन्‌महिने पडून राहिला, तर वायू उडून जातो. शिवाय शरीर कुजताना सायनाइड नाहीसं होऊ शकतं, क्वचित नव्याने तयारही होऊ शकतं. केरळातल्या कूडत्तायी इथे एकाच कुटुंबातल्या सहा जणांचे 2002 ते 2016 दरम्यान मृत्यू झाले. सायनाइडचा संशय आल्यावर 2019 मध्ये थडगी उघडण्यात आली. पण हैदराबादच्या केंद्रीय प्रयोगशाळेला त्यांतल्या चौघांच्या अवशेषांत विष आढळलं नाही. एवढ्या वर्षांनी हाडं तरी काय सांगणार?

अहवाल होते, वाचणारं कोणी नव्हतं

मोहन कुमारच्या बाबतीत अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच आहे. बसस्थानकातल्या काही मृत्यूंत सायनाइडचा छडा लागलाही होता. आता विचार करा, आपल्याकडे विष घेऊन जीव देणारे बहुतेक शेतातलं कीटकनाशक घेतात. खेड्यातल्या गरीब मुलीकडे सायनाइड येणार कुठून? आणि तेही दागिने न घालता, ठेवणीतली साडी नेसून, परगावच्या बसस्थानकावर? एक घटना योगायोग म्हणून सोडता येईल. पण फाइली वेगवेगळ्या ठाण्यांत होत्या आणि मुली बेपत्ता झाल्याच्या तक्रारी भलत्याच जिल्ह्यांत. त्या शेजारी शेजारी ठेवून कोणी वाचल्याच नाहीत. रसायनशास्त्र आपलं काम चोख करत होतं. चुकत होतं ते साधं कारकुनी काम.

अखेर जून 2009 मध्ये बंटवाळ तालुक्यातली एक तरुणी बेपत्ता झाली. ती परधर्मीय तरुणाबरोबर पळाली, असा समज पसरून गावात वातावरण तापलं. जमाव पोलिस ठाण्यावर चालून गेला. तेव्हा कुठे तपासाला वेग आला. तिच्या मोबाइलवरच्या कॉलची यादी काढली, तर त्यातला एक क्रमांक दुसऱ्या बेपत्ता मुलीचा निघाला. तिच्या यादीतून तिसरीचा! असे धागे जुळवत पोलिस ऑक्टोबर 2009 मध्ये मोहन कुमारपर्यंत पोहोचले. मग जुन्या बेवारस मृतदेहांची छायाचित्रं कपाटातून बाहेर आली आणि वर्षानुवर्षं मुलगी कुठेतरी सुखात नांदत असेल अशा आशेवर बसलेल्या आईबापांना ती दाखवण्यात आली.

विषाचं नाव प्रयोगशाळा सांगते, ते कोणी दिलं हे सांगत नाही. ती साखळी पोलिसांना जोडावी लागली. त्याने विकलेले, गहाण टाकलेले दागिने मिळाले. सोनारकामाचं निमित्त सांगून सायनाइड घेतल्याचं उघड झालं. त्याच्या तावडीतून वाचलेल्या एका स्त्रीने न्यायालयात साक्ष दिली. मोहनने वकील न घेता स्वतःच आपली बाजू मांडली, यावरून त्याच्या आत्मविश्वासाची कल्पना यावी! डिसेंबर 2013 मध्ये मंगळुरूच्या न्यायालयाने त्याला फाशी सुनावली. उच्च न्यायालयात पुढे ती जन्मठेपेत बदलली. एकूण 20 स्त्रियांच्या हत्येचे खटले त्याच्यावर चालले. त्यांतल्या अखेरच्या खटल्याचा निकाल लागायला 2020 साल उजाडलं.

मल्लिकाचा प्रसाद

योगायोग असा, की बंगळुरूला हे विष त्याआधीच माहीत झालं होतं. शहराजवळच्या कग्गलीपुरा इथली केंपम्मा ही बाई देवळांत बसून दुःखी, एकट्या बायका हेरायची. खास पूजेने संकट टळेल असं सांगायची आणि ‘ठेवणीतले दागिने घालून ये’ असं बजावायची. मग लांबच्या देवळात नेऊन अन्नपाण्यातून सायनाइड द्यायची. 1999 मध्ये पहिला बळी, नंतर 2007 च्या अखेरच्या तीन महिन्यांत आणखी पाच. 31 डिसेंबर 2007 रोजी दागिने विकण्याच्या खटपटीत ती पकडली गेली. ‘सायनाइड मल्लिका’ हे तिचं नाव पडलं ते अखेरच्या टोपणनावावरून. तिच्याही फाशीची पुढे जन्मठेप झाली आणि 2017 मध्ये तिला आपल्या बेळगावच्या हिंडलगा तुरुंगात हलवण्यात आलं.

दोघांच्याही कहाणीत हत्यार एकच, सावज तसंच आणि हेतूही दागिन्यांचाच. रमण राघवने 1968 मध्ये मुंबईत झोपलेल्या माणसांची डोकी फोडली, तेव्हा खून झालाय हे तरी सगळ्यांना दिसत होतं. पकडल्यावर बोटांच्या ठशांवरून त्याची ओळख पक्की झाली. विषाच्या बाबतीत खून झालाय हेच आधी सिद्ध करावं लागतं.

याच बंगळुरूचं नाव मराठी घरांत गाजलं होतं ते तेलगीच्या नार्को चाचणीमुळे. टीव्हीवर ती दृश्यं पाहून गुन्हेगाराला इंजेक्शन दिलं की सत्य बाहेर येतं, असा अनेकांचा समज झाला. 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संमतीशिवाय अशी चाचणी करणं घटनाबाह्य ठरवलं. तो गाजावाजा ओसरला. मिठाच्या द्रावणातल्या बाटल्या मात्र आजही पुरावा म्हणून उभ्या राहतात.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार सात किंवा अधिक वर्षं शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाणं सक्तीचं ठरलं आहे. त्याच्या अंमलबजावणीसाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. तरतूद स्वागतार्हच. पण ती लागू होते ती गुन्हा नोंदवल्यावर. केंपेगौडा स्थानकातल्या त्या पाच जणींच्या नावाने गुन्हा नोंदवलाच गेला नव्हता.