मुदत, समन्याय आणि वकिलाविना लढणारा नोकरदार

न्यायालयात हरण्याचे दोन प्रकार असतात. एकात आपली बाजू ऐकली जाते आणि अमान्य होते. दुसऱ्यात ती ऐकलीच जात नाही, कारण दावा मुदतीनंतर आलेला असतो. वकिलाविना लढणाऱ्या नोकरदारास भय असते ते या दुसऱ्या प्रकाराचे. अमेरिकेतील कायद्याच्या उदाहरणाने हे नीट उमगते.

तेथील १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानुसार, वंश, वर्ण, धर्म, लिंग वा मूळ देश यांवरून नोकरीत भेदभाव झाल्यास प्रथम समान रोजगार संधी आयोगाकडे १८० दिवसांत तक्रार नोंदवावी लागते. राज्याची स्वतःची तक्रार-यंत्रणा असेल तेथे ही मुदत ३०० दिवसांपर्यंत वाढते. पुढे आयोगाचे दाव्याची मुभा देणारे पत्र हाती आल्यावर ९० दिवसांत न्यायालयात दावा दाखल करावा लागतो.

आयोगाकडील तक्रारीची मुदत ही न्यायालयाच्या अधिकारकक्षेची अट नसून उचित प्रसंगी शिथिल होऊ शकते, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये दिला. न्यायबुद्धीने मुदतीची गणना थांबविण्याच्या या तत्त्वास ‘इक्विटेबल टोलिंग’, म्हणजे समन्यायी मुदत-स्थगिती, म्हणतात.

परंतु या दयेलाही सीमा आहे. १९८४ च्या बाल्डविन काउंटी वेलकम सेंटर खटल्यात फिर्यादी महिलेने आयोगाचे पत्रच न्यायालयाकडे धाडले आणि वकील नेमून मिळण्याची विनंती केली. न्यायालयाने विहित नमुना भरून मागितला व ९० दिवसांच्या मुदतीची आठवणही दिली. भरलेला नमुना पोहोचला ९६ व्या दिवशी. दाव्याचा आधार न सांगणारे पत्र म्हणजे दावा नव्हे, आणि ज्याने तत्परता दाखविली नाही त्यास समन्यायाचा आश्रय नाही, असे बहुमताने ठरले. तीन न्यायमूर्तींनी भिन्न मत नोंदविले. मात्र सूचना अपुरी असणे, वकील मिळण्याचा अर्ज प्रलंबित असणे, न्यायालयानेच ‘सर्व पूर्तता झाली’ असा समज करून देणे किंवा प्रतिपक्षाच्या गैरवर्तनाने फिर्यादी गाफील राहणे, अशा प्रसंगी सवलत मिळू शकते, असेही न्यायालयाने सूचित केले.

वकील असला म्हणजे धोका टळतो, असेही नाही. १९९० च्या आयर्विन खटल्यात आयोगाची सूचना कार्यालयात आली तेव्हा वकील परदेशी होते. ३० दिवसांची मुदत हुकली आणि ही साधी हयगय क्षम्य ठरली नाही.

आपल्या १९६३ च्या मुदतीच्या कायद्यातही हेच सूत्र आढळते. अपील वा अर्जास झालेला विलंब कलम ५ प्रमाणे ‘पुरेसे कारण’ दाखविल्यास माफ होऊ शकतो. अधिकार नसलेल्या न्यायालयात सद्भावनेने व तत्परतेने दावा चालविण्यात गेलेला काळ कलम १४ प्रमाणे वगळला जातो.

तात्पर्य, न्यायालय अडचण समजून घेते, निष्क्रियता नाही. म्हणून पत्र आल्याची तारीख त्याच दिवशी लिहून ठेवावी, पाकीट जपावे, पाठविलेल्या प्रत्येक कागदाची पोच घ्यावी आणि शंका असल्यास अपूर्ण का होईना, दावा मुदतीत दाखल करावा. अपूर्ण दाव्यात पुढे दुरुस्ती मागता येते; गेलेला दिवस मात्र सहसा परत मिळत नाही.