दोन बोटांएवढ्या संगणकाला पाटकरी कसा नेमतात?

संगणक म्हटले की आपल्याला टीव्हीसारखा पडदा आठवतो. पण माझ्या चुलतभावाने, म्हणजे दादाने, दिवाळीच्या सुट्टीत जो संगणक आणला त्याला पडदा नाही की टाइप करायच्या कळा नाहीत. नुसती हिरवी पट्टी! लांबी ५१ मिलिमीटर, रुंदी २१. मी कंपासातल्या पट्टीने मोजली. दोन्ही कडांना वीस-वीस जोडण्या आहेत, त्यांना पिना म्हणतात. तिचे नाव रास्पबेरी पाय पिको. ती इंग्लंडमधल्या लोकांनी २०२१ च्या जानेवारीत काढली आणि तेव्हा किंमत फक्त ४ डॉलर ठेवली होती. दादा तालुक्याला आयटीआयला शिकतो, त्याने ती पार्सलने मागवली.

दादाने ती मोबाइलच्या चार्जरला जोडली तर दिवासुद्धा लागला नाही. आजी म्हणाली, "मुकी आहे रे तुझी पट्टी." आजीचे बरोबर होते. नव्या पिकोत कारभार पाहणारे कोणीच नसते.

आपल्याकडे पाटाचे पाणी कोणाच्या शेतात किती वेळ सोडायचे ते पाटकरी ठरवतो. तो नसला तर काय भांडणे होतील! संगणकातही असा पाटकरी लागतो. आधी कोणते काम, कोणती फाइल कुठे ठेवायची, कोणत्या पिनेला वीज सोडायची, हे सगळे तो बघतो. त्याला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात.

मी विचारले, लॅपटॉपमधली विंडोजच टाकू की. दादा हसायला लागला. पिकोची चालू कामाची जागा, म्हणजे रॅम, फक्त २६४ केबी. दादाच्या लॅपटॉपची ८ जीबी. गुरुजींनी भागाकार करून दिला, तर लॅपटॉपची जवळजवळ ३२ हजार पट निघाली. एवढ्याशा जागेत चित्रे, खिडक्या, गाणी कुठली मावणार? म्हणून अक्षरांतून आज्ञा घेणारा छोटा पाटकरी हवा. आम्ही पिकोमाइट घेतला. तो जेफ ग्रॅहॅम आणि पीटर मॅदर यांनी केलेला आहे आणि फुकट मिळतो. त्याला बेसिक ही भाषा समजते. ही भाषा १९६४ साली अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात विद्यार्थ्यांसाठी केली होती, म्हणून सोपी आहे. (याला पूर्ण ऑपरेटिंग सिस्टीम म्हणावे की नाही यावर मोठी माणसे वाद घालतात म्हणे. घालू देत.)

आता बसवायचे कसे ते सांगतो. पट्टीवर एक पांढरे बटण आहे, बूटसेल नावाचे. ते दाबून धरायचे आणि तसेच धरून वायर लॅपटॉपला लावायची. मग बटण सोडायचे. लॅपटॉपला वाटते की पेनड्राइव्हच आला! पिकोमाइटची फाइल, जिच्या शेवटी यूएफ२ असते, ती त्यात टाकायची. कॉपी झाली रे झाली की तो पेनड्राइव्ह गायब होतो. मला वाटले गेली पट्टी कामातून. पण गायब होणे हीच काम झाल्याची खूण आहे. लगेच पट्टीवरचा बारका दिवा लुकलुकायला लागतो. मात्र वायर बघून घ्यावी. काही वायरी नुसत्या चार्जिंगच्या असतात, त्यांतून फाइल जातच नाही.

आईने विचारले, चुकीची फाइल पडली तर पैसे पाण्यात का? नाही. बटण दाबल्यावर जागा होणारा भाग चिपमध्ये कारखान्यातच कोरलेला असतो. तो कोणाला पुसता येत नाही. पुन्हा बटण दाबा, पुन्हा फाइल टाका. हे ऐकल्यावर आईने मला पट्टीला हात लावू दिला.

बोलायला लॅपटॉपवर टेरा टर्म उघडावे लागते. एंटर दाबले की बाणाच्या टोकासारखी खूण येते. म्हणजे पाटकरी म्हणतो, बोला. आज्ञा इंग्रजी अक्षरांत द्यायची. 'प्रिंट' लिहून पुढे ७ गुणिले ८ लिहिले, तर खाली ५६ आले! मी माझे नाव टाकले, तर म्हणाला, अशी आज्ञा माहीत नाही. 'फाइल्स' म्हटले की साठवलेल्या फाइलींची यादी दाखवतो.

आता खरी गंमत. मी लिहिले, ए बरोबर १२. विचारले, तर १२ सांगितले. मग दादाने वायर काढून परत लावली. पुन्हा विचारले तर म्हणाला, शून्य! रॅम पाटीसारखी आहे, वीज गेली की पुसली जाते. पण 'एडिट' आज्ञेने लिहिलेला प्रोग्राम फ्लॅश नावाच्या जागेत राहतो. ती वहीसारखी, वीज गेली तरी लिहिलेले तसेच. आणि 'ऑप्शन ऑटोरन ऑन' अशी आज्ञा एकदा दिली की वीज आल्यावर तो प्रोग्राम आपला आपण सुरू होतो. कोणी उठवायला नको. थांबवायचा असेल तर कंट्रोल आणि सी या कळा एकदम दाबायच्या.

हे आम्हाला कशाला पाहिजे होते ते सांगतो. आमच्याकडे वीज कधीकधी रात्रीची येते. मग मोटर लावायची आणि टाकी भरली का ते बघायला आई अंधारात शिडीवर चढते. उन्हाळ्यात टाकी वाहून गेली की शेजारचे पण बोलतात. म्हणून दादा टाकीत तरंगता स्विच सोडणार आहे. पाणी वर आले की स्विच दाबला जाईल आणि घरातला छोटा दिवा लागेल. दिव्याचा प्रोग्राम आम्ही लिहून झालाय. तीनदा वायर काढली, तीनदा तो आपला आपण सुरू झाला.

मोटर मात्र पट्टीला जोडायची नाही. घरातली वीज २३० व्होल्टची आणि पिकोच्या पिना ३.३ व्होल्टच्या. मोटर बाबाच बंद करणार, दिवा बघून. स्विच अजून यायचा आहे, तोवर आई शिडीवरच चढते.