हिरवळीखालचं बिऱ्हाड

मुलुंड पूर्वेच्या एका वाचकांनी विचारलं आहे : ‘आमच्या सोसायटीच्या हिरवळीवर दर पावसाळ्यात कुत्र्याच्या छत्र्या उगवतात. माळी उपटून टाकतो, पण आठवड्याभरात त्या पुन्हा तिथेच हजर. मुलं तिथे खेळतात. कायमच्या कशा घालवायच्या?’ प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र त्यांना आवडेलच असं नाही. त्या घालवता येत नाहीत, आणि त्यासाठी औषधांचा मारा तर मुळीच करू नये.

माळी उपटतो ती बुरशी नव्हे, बुरशीचं फळ. खरी बुरशी जमिनीत, केसाहून बारीक तंतूंच्या जाळ्याच्या रूपात बारा महिने नांदत असते. सुपीक मातीच्या एका चमच्यातले असे तंतू एकापुढे एक मांडले, तर शेकडो मीटर भरतात. उन्हाळ्यात हे जाळं खाली ओलाव्याला दबून राहतं. जूनच्या सरींनी माती भिजली की ते फळायला लागतं. एक फळ तोडलं तर पुढच्या पावसाला दुसरं येतं. तोडण्याने जाळ्याला फरक पडत नाही.

‘संध्याकाळी काही नव्हतं, सकाळी पाहतो तर टोपी उघडलेली’ असं सगळेच सांगतात. इतकी घाई जमते कशी? गणपतीचा मंडप एका रात्रीत उभा राहतो, कारण बांबू कापलेले, कापडं शिवलेली, गाठी कुठे मारायच्या त्याच्या खुणासुद्धा आधीच केलेल्या असतात. रात्री फक्त उभारणी होते. अळंबीचंही तसंच. मातीत टाचणीच्या डोक्याएवढी गाठ तयार होते, आणि देठ, टोपी, टोपीखालचे पदर हे सगळं त्या गाठीतच घडून बसलेलं असतं. पेशी बहुतेक तयार असतात. पाऊस आला की त्या पाणी ओढून फुगतात, लांबतात, आणि मंडप उभा. बांबूचं काम इथे पाण्याचा दाब करतो. तो किती असावा? डांबर फोडून वर आलेल्या अळंब्यांच्या नोंदी आहेत. उगवलेल्या अळंबीत दहातले नऊ भाग पाणीच असतं, म्हणून दुपारच्या उन्हात ती तितक्याच घाईने लोळागोळा होते.

आता हे जाळं खातं काय? मुलुंडच्या सोसायट्यांत त्याच्या जेवणाची बडदास्त आपणच ठेवली आहे. टॉवरच्या जागी आधी कारखाना, बंगला नाहीतर वाडी होती. जुनं झाड जमिनीसरशी कापलं, बुंधा आणि मुळं खालीच राहिली. सेंटरिंगच्या फळ्यांचे तुकडे, कामट्या, भुसा भरावात गेला. वर ट्रकने आणलेली लाल माती, शेणखत आणि गुंडाळी करून आलेली हिरवळ अंथरली. लाकडाला कणखरपणा देणारं लिग्निन पुरतं पचवणं जिवाणूंना फारसं जमत नाही. ते काम प्रामुख्याने बुरशींच्याच एका गटाचं. त्या नसत्या तर पडलेलं लाकूड कुजायला कमालीचा वेळ लागला असता. वाचकांनी एकदा नीट पाहावं : छत्र्या सरळ रेषेत येत असतील, तर खाली बहुधा जुनं मूळ किंवा फळी आहे. एका जागी घोसाने येत असतील, तर बुंधा.

आणि वर्तुळात येत असतील तर तो वेगळाच आनंद आहे. बुरशी एका ठिकाणाहून सगळ्या दिशांना सारख्या वेगाने पसरते, मागचं अन्न संपवत जाते आणि फळते ती कडेला. कडेशी कुजण्यातून नत्र मोकळा होतो, म्हणून तिथलं गवत गर्द हिरवं दिसतं. युरोपात ही वर्तुळं शतकानुशतकं पऱ्यांच्या नाचाची मानली जात. ती बुरशीची आहेत, असं 1792 मध्ये विल्यम विदरिंग या इंग्लिश डॉक्टरने लिहिलं. हा तोच विदरिंग, ज्याने 1785 मध्ये डिजिटॅलिसवरचं पुस्तक लिहून हृदयरोगाला एक औषध दिलं. औषधासाठी त्याचं नाव घेतात, गवतातल्या वर्तुळांसाठी कोणी घेत नाही, याची मला खंत वाटते. पुढे 2010 मध्ये जपानी संशोधकांनी अशाच एका बुरशीतून गवताची वाढ जोमदार करणारं रसायन वेगळं काढलं. म्हणजे तो गर्द पट्टा केवळ नत्राची करामत नव्हती.

पसरण्याचं दुसरं साधन बीजाणू, आणि इथे आर्थर बुलर यांच्याविषयी लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. बर्मिंगहॅमचा हा माणूस 1904 मध्ये कॅनडातल्या विनिपेगला वनस्पतिशास्त्र शिकवायला गेला आणि उरलेलं आयुष्य बुरशींवरच्या सात खंडांच्या ग्रंथाला वाहून टाकलं. शेवटचा खंड तर त्यांच्या मृत्यूनंतर निघाला. बुलर अळंबीच्या टोपीखाली प्रखर प्रकाशाचा झोत सोडत आणि अंधारात बसून बीजाणूंचा पाऊस बघत. नुसत्या डोळ्यांना न दिसणारी धूळ झोतात चमकत खाली येताना दिसे. कुरणातल्या एका साध्या अळंबीतून ताशी चार कोटी, आणि तिच्या दोन दिवसांच्या आयुष्यात सुमारे 180 कोटी बीजाणू सुटतात, असा हिशेब त्यांनी मांडला.

बीजाणू नुसता गळत नाही, तो उडवला जातो. त्याच्या बुडाशी पाण्याचा एक इवलासा थेंब धरतो आणि फुगत जातो. शेजारी बीजाणूच्या अंगावर पाण्याचा पातळ थर असतो. थेंब त्या थराला टेकला की दोन्ही एकजीव होतात, आणि त्या हिसक्याने बीजाणू सुटतो. उडी मिलिमीटरभरसुद्धा नसते आणि ती तेवढीच हवी. जास्त झाली तर तो समोरच्या पदराला चिकटेल, कमी झाली तर स्वतःच्याच पदराला. बरोबर मधल्या फटीत पोचला की खाली पडतो आणि वारा त्याला नेतो. थेंब बुलरनी नीट टिपला होता, पण सेकंदाला लाखभर चित्रं घेणाऱ्या कॅमेऱ्याने ही उडी पकडायला 2005 साल उजाडावं लागलं. त्या थेंबाला आजही बुलरचा थेंब म्हणतात.

इतके बीजाणू कशाला? कारण एकटा बीजाणू रुजला तरी सहसा फळत नाही. त्याला जुळणारा जोडीदार मातीत भेटावा लागतो. फुटपाथवर पडलेल्या ओंडक्यांवर पंख्यासारखी पांढुरकी बुरशी दिसते ना, शायझोफायलम, तिच्यात असे जोडीदारांचे वीस हजारांहून अधिक प्रकार आहेत!

याच बीजाणूंवरून 2015 मध्ये ‘अळंबी पाऊस पाडते’ अशा बातम्या झळकल्या. मूळ संशोधनात सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणूंवर पाणी साचताना दिसलं होतं, आणि ढगात असंच घडत असेल का, एवढाच प्रश्न पुढे ठेवला होता. मुलुंडला पाऊस देतात ते अरबी समुद्रावरून येणारे वारे. त्यात बीजाणूंचा वाटा किती, हे मोजल्याशिवाय असले मथळे देऊ नयेत. याउलट 2016 मध्ये पुढे आलेली एक गोष्ट मला पूर्ण पटते : टोपीतल्या पाण्याच्या बाष्पीभवनाने भोवतालची हवा थंड होते, त्यातून झुळूक निर्माण होते आणि ती बीजाणूंना उचलते. वारा पडलेल्या कोंदट दिवशी अळंबी स्वतःपुरता वारा करते.

मुलांची काळजी मात्र खरी आहे. उष्ण प्रदेशांतल्या हिरवळींवर हमखास येणारी एक मोठी, देखणी अळंबी आहे, क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस. पांढरी टोपी, तिच्यावर तपकिरी खवले, देठाला कडं. खाण्याच्या अळंबीसारखी दिसते म्हणूनच ती फसवते. खाल्ल्यावर काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात, आणि लहान मुलांना ते फार जड जातं. पूर्ण उघडलेली टोपी पांढऱ्या कागदावर पदर खाली करून रात्रभर वाटीखाली झाकून ठेवली, तर सकाळी कागदावर हिरवट ठसा उमटतो. पण ठसा हिरवा नसला म्हणजे अळंबी खाण्याजोगी ठरत नाही. ‘किडे खातात, म्हणजे बिनविषारी’, ‘चांदीचा चमचा काळा पडला नाही, म्हणजे चालेल’ या दोन्ही समजुतींना काडीचाही आधार नाही.

रानात जाणाऱ्या आदिवासी बाया ज्या वारुळाच्या अळंब्या ओळखून आणतात, त्यांची गोष्ट निराळी. त्या टर्मिटोमायसिस. वाळवी पोटातून काढलेल्या चोथ्याचे मखर रचून त्यावर ही बुरशी पोसते, आणि पावसात तिचं लांबलचक देठ थेट त्या मखरातून वर येतं. त्या बायांची पारख पिढ्यांची आहे. ती चित्रं पाहून किंवा मोबाइलवर फोटो टाकून मिळत नाही. आपल्याकडची शास्त्रीय नोंदही थोडक्या माणसांच्या कष्टावर उभी आहे. पुण्याच्या आजच्या आघारकर संशोधन संस्थेतून 1980 च्या सुमारास साठे, देशपांडे, कुलकर्णी आणि डॅनियल यांनी नैर्ऋत्य भारतातल्या अळंब्यांवर ग्रंथ सिद्ध केला. त्याच संस्थेत बुरशीशास्त्रज्ञ आजरेकरांच्या नावाचं बुरशींचं संग्रहालय आहे. उपनगरांतल्या बागांची अशी नोंद व्हायला हवी, आणि त्यासाठी मुलुंडपेक्षा सोयीची जागा कुठली? पलीकडे येऊरचं रान, अलीकडे हिरवळी.

तर वाचकांनी असं करावं. मुलं आणि कुत्री खेळतात तिथल्या छत्र्या रोज सकाळी, टोपी उघडण्याआधी, हातमोजे घालून काढाव्यात आणि कचऱ्यात टाकाव्यात. बुरशीनाशक ओतू नये, ते खोलवरच्या जाळ्यापर्यंत पोचत नाही. गवताला पाणी बेताने द्यावं, पाणी साचत असेल तिथे निचरा करावा. आणि छत्र्या वर्षानुवर्षं एकाच रेषेत येत असतील, तर दिवाळीनंतर माती सुकल्यावर माळ्याकडून तिथे फूट-दीड फूट खणून घ्यावं. फळी किंवा मूळ सापडलं तर बाहेर काढावं. नाही सापडलं तर ते संपेपर्यंत काही वर्षं छत्र्या येत राहतील.